माझी एस्तेर कुणालाच आवडत नाही. तिला मवाळ करू का?

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम.

दोन वर्षांपासून एक कादंबरी लिहितेय. अमेरिकेत ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स नावाचा जो प्रकार चालतो, त्यातली. म्हणजे एक प्रेमकथा, जिवावर बेतलेलं एक प्रकरण, आणि दोघांतल्या एकाचं तरी देवाशी बिनसलेलं. तिन्ही धागे एकाच गोष्टीत. नर्सिंगला असताना आमच्या होस्टेलच्या कपाटात एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी मागे ठेवलेली अशी तीसेक पुस्तकं होती. नाइट ड्युटी उतरून आले की झोपायचं सोडून मी ती वाचायचे. मराठीत असं काही माझ्या हाती लागलं नाही, म्हणून स्वतःच लिहायला घेतलं.

सव्वीस प्रकरणं झाल्यावर तिघींना वाचायला दिली. माझी मोठी जाऊ, आमच्या पाळकीणबाई (म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी), आणि कॉलेजातली एक मैत्रीण जी ख्रिस्ती नाही. तिघी एकमेकींना ओळखतही नाहीत, पण तिघींनी एकच सांगितलं. गोष्ट धरून ठेवते, आनंद आवडला, एस्तेर नाही आवडली. जाऊबाई तर म्हणाल्या, "विहिरीत त्या रखवालदाराऐवजी हीच सापडली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं." त्या रात्री मला झोप आली नाही.

गोष्ट अशी. एस्तेर साळवे, वय चौतीस, हिशेबतपासनीस. एका जुन्या मिशन कंपाउंडच्या ट्रस्टचं ऑडिट तिच्याकडे येतं. कागद चाळताना तिला धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचं एक पत्र दिसतं. सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ही परवानगी आधी घ्यावी लागते. पत्रावरचा जावक क्रमांक तिला खटकतो, कारण त्याच तारखेच्या दुसऱ्या, खऱ्या पत्रावरचा क्रमांक चारशेने पुढे आहे. आठवड्याभरात कंपाउंडचा रखवालदार विहिरीत सापडतो. तपासाला येतो सब-इन्स्पेक्टर आनंद. पाळकाचा मुलगा, पण आई गेल्यापासून देवळाची, म्हणजे चर्चची, पायरी न चढलेला.

आता एस्तेर कशी वागते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिघींचं म्हणणं कळेल.

पहिल्याच प्रकरणात ती ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाला, यादवकाकांना, सगळ्यांसमोर किरकोळ खर्चाची पेटी मोजायला लावते. एकशे चाळीस रुपये कमी भरतात. ते त्यांनी स्वतःच्या औषधासाठी उचललेले असतात, पगार झाला की परत ठेवणार असतात. ती एक शब्द न बोलता त्याची नोंद करते आणि त्यांच्याकडून सही घेते. चौथ्या प्रकरणात तिचे वडील पिशवीभर पेरू घेऊन दाराशी येतात. त्यांनी दारूपायी राहतं घर घालवलं, आता सहा वर्षं प्यायलेले नाहीत. ती लोखंडी जाळी उघडतच नाही. जाळीतूनच सांगते, "आज प्रभुभोजनाचा रविवार आहे. तुम्हाला बघून मन गढूळ करून मला देवळात जायचं नाही." धाकट्या बहिणीच्या फोनमधले निरोप ती चोरून वाचते. आणि आनंद पहिल्यांदा आईच्या आजारपणाबद्दल बोलतो तेव्हा म्हणते, "प्रार्थनेत खंड पडला की माणसाचं असंच होतं."

जाऊबाईंचा उपाय असा, की पहिल्या प्रकरणात तिला एखाद्या गरीब पोराची फी भरताना दाखव. पाळकीणबाई म्हणतात, तिचं मनपरिवर्तन सातव्या प्रकरणात आण, विसाव्यापर्यंत, जिथे ती रडत वडिलांच्या गळ्यात पडते, लोक थांबणार नाहीत.

मला दोन्ही करवत नाही. त्याचं कारण सांगते. माझी एक आत्या होती, थेट एस्तेरसारखी. आम्हा पाच भावंडांचे शाळेचे गणवेश तिने शिवले, माझी नर्सिंगची फी तिने भरली आणि यातलं काहीही ती आम्हाला विसरू देत नसे. २०१६ मध्ये ती गेली. दफनाच्या वेळी पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? कुणी उठलं नाही. मीही नाही उठले. ते मला अजून सलतं. ही कादंबरी मी तिच्यासाठी लिहितेय. तिच्यासारख्या बाईवर वाचकाचा जीव जडावा, पण तिला खोटं गोड न करता, एवढीच माझी इच्छा आहे.

असं होऊ शकतं का? तुम्हाला न आवडणाऱ्या पात्रासोबत तुम्ही शेवटपर्यंत कधी राहता आणि पुस्तक मिटून कधी ठेवता? पहिलं, चौथं आणि चौदावं प्रकरण खाली जोडलंय.

वाचनवेडी_डेटन

ताई, तिन्ही प्रकरणं काल रात्री वाचली. आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. माहेर सोलापूर, एकवीस वर्षं ओहायोत. मुलं लहान असताना लायब्ररीत गोष्टींच्या तासाला त्यांना सोडलं की मला चाळीस मिनिटं मिळायची, आणि मुलांच्या खोलीशेजारीच या पुस्तकांचं कपाट होतं. तेव्हापासून वाचते. माझी एक वही आहे. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे, का सोडलं, ते एका ओळीत लिहून ठेवते. तुमचा प्रश्न वाचून ती वही काढून बसले. एकसष्ट नोंदी आहेत.

दारूडा नायक, तुरुंगातून सुटलेला नायक, खोटं बोलणारी नायिका, देवाला शिव्या देणारी नायिका. यांपैकी एकाही कारणाने मी पुस्तक सोडलेलं नाही. जवळजवळ निम्म्या नोंदींत जे कारण आहे ते असं: नायिका दुसऱ्याला कमी लेखते आणि लेखिकेला त्यात काही वावगं दिसत नाही. नायिका शेजारणीच्या कपड्यांवर शेरा मारते आणि पुढच्या पानावर तिची भक्ती किती खोल आहे याचं वर्णन येतं. तो शेरा कुणाला लागला का, कुणी दुखावलं का, याचा पत्ताच नाही. तिथे मला नायिकेचा राग येत नाही. पुस्तकाचा येतो.

पात्र वाईट वागलं तर मी सोसते. ते वाईट वागतंय हे पुस्तकालाच कळलं नसेल तर नाही सोसवत.

या प्रकारात हे वारंवार का होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने १९९७ मध्ये लव्ह इन्स्पायर्ड ही मालिका काढली आणि २००५ मध्ये त्यातून सस्पेन्सची वेगळी शाखा. त्यातलं पुस्तक साधारण ५५ हजार शब्दांचं. तेवढ्यात पहिल्या पानापासून जिवाला धोका हवा, दोघांचं प्रेम जमायला हवं आणि विश्वासाचा धागाही तडीस जायला हवा. शिवीगाळ चालत नाही, शय्यागृहाचं दार बंद. वर 'विजोड' होऊ नये हा बायबलमधल्या पौलाचा सल्ला, त्यामुळे दोघांतला एक अविश्वासी असेल तर लग्नाचं बोलणं होण्याआधी तो प्रभूकडे वळायलाच हवा. मग लेखिका काय करतात? दोष एकाच्या वाट्याला देतात, बहुतेक वेळा जो देवापासून दूर गेलाय त्याच्या. दुसरं पात्र आधीच विश्वासात आहे ना, मग त्याला सुधारायचं काय उरलं? ते पात्र सबंध पुस्तकभर दुसऱ्याच्या बदलण्याची वाट बघत उभं असतं. तसं उभं राहणारं माणूस हळूहळू असह्य होतं.

तुमची एस्तेर मला म्हणूनच महत्त्वाची वाटली. तुम्ही उलटं केलंय. विश्वासात असलेली तीच आणि बदलायचं आहे तेही तिलाच. बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून, पैसा उधळून परत आलेला धाकटा मुलगा आहे, तो या पुस्तकांत मला शेकड्यांनी भेटला. थोरला क्वचितच. शेतात राबून आलेला, भाऊ परतल्याच्या आनंदातलं घरातलं गाणं ऐकून दाराबाहेरच थांबलेला. एस्तेर तो थोरला आहे. तिला मऊ केलंत तर पुस्तकात उरेल काय?

दोन उदाहरणं देते, दोन्ही गाजलेली. डी हेंडरसनच्या २००० सालच्या 'द निगोशिएटर'मधली केट ओ'मॅली शिकागोच्या पोलिसांत आहे, ओलीस धरलेल्यांची सुटका बोलून करणारी. ती देवावर विश्वास ठेवणारी नाही आणि कुणाला जवळही येऊ देत नाही. तरी मी तिच्यावर पहिल्याच प्रकरणात जीव टाकला, कारण बँकेत बॉम्ब घेऊन बसलेल्या माणसाशी ती ज्या शांतपणे बोलते, ते काम बघत राहावंसं वाटतं. दुसरं फ्रान्सीन रिव्हर्सचं 'रिडीमिंग लव्ह', बायबलमधल्या होशेयाच्या पुस्तकावर बेतलेलं, १८५० च्या कॅलिफोर्नियातलं. सस्पेन्स नाही ते, पण नायिका जीव लावणाऱ्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा सोडून जाते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी त्या बाईवर चिडल्या आणि त्याच जणींनी ते पुस्तक दोनदा वाचलं. लहानपणी तिला विकलं गेलेलं आपण आधीच वाचलेलं असतं. ती पळते तेव्हा आपण रागावतो आणि तिचं पळणं आपल्याला कळतंही.

म्हणून फीवाल्या पोराला आणू नका. ते वाचकाला दिलेलं आमिष होईल आणि वाचक ते ओळखतो. त्यापेक्षा एस्तेरचं काम अजून जवळून दाखवा. जावक क्रमांक तिच्या लक्षात येतो, ती दोन ओळींत उरकलेली जागा मला चार पानं हवी होती. ती पत्रं कशी लावते, कुठला कागद उजेडात धरते, बोट कुठे थांबतं. ज्या नजरेने ती यादवकाकांचे एकशे चाळीस रुपये पकडते, त्याच नजरेने ती सगळ्या मंडळीची जमीन वाचवते. हे एकाच बाईचे दोन हात आहेत. वाचकाला दोन्ही एकदम दिसू देत.

फौजदार_निवृत्त

मी ख्रिस्ती नाही, कादंबऱ्या मात्र भरपूर वाचतो, आणि एकतीस वर्षं पोलिसात काढली. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

मॅडम, कडक स्वभावाची बाई मला खटकली नाही. अशा हिशेबनीस बाईमुळे आमचे दोन गुन्हे उघडकीला आले होते. मला खटकलं ते चौदावं प्रकरण. रखवालदाराचा खून झालाय, तिच्या बँक पासबुकाची झेरॉक्स कुणीतरी दाराखालून सरकवलीय, आणि ही रात्री साडेअकराला एकटी, फोन घरी ठेवून, त्याच कंपाउंडात जाते. का? तर आनंदने फोनवर आवाज चढवला म्हणून. एकशे चाळीस रुपयांचा हिशेब सोडत नाही ती बाई असं करणार नाही. ती निघण्याआधी दोन ठिकाणी चिठ्ठी ठेवेल, वेळ लिहील.

वाचकाला बाई तुसडी चालते. धोक्याच्या वेळी तिने अक्कल गहाण टाकलेली चालत नाही. प्रसंग हवा म्हणून लेखकाने तिला तिथे ढकललं, हे कळतं. तिला जायलाच लावायचं असेल तर असं कारण द्या की तिच्या जागी मीही गेलो असतो. उदाहरणार्थ मूळ नोंदवही सकाळी तिथून हलणार आहे आणि तिने आनंदला तीनदा फोन लावलाय, तो पंचनाम्यात अडकलाय.

आणि एक. बनावट परवानगीपत्राचा तपास स्टेशनचा सब-इन्स्पेक्टर शेवटपर्यंत एकटा करत नाही. रक्कम मोठी असली की प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. आनंदकडे खुनाचा तपास ठेवा, कागदांचा दुसऱ्याकडे जाऊ द्या. एस्तेरला त्या दुसऱ्याशी पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलावं लागेल, त्यात तिचा स्वभाव दिसेल.

सालोमी_पुणे

मला जरा वेगळं म्हणायचंय, आणि थोडं चिडूनच.

तुमच्या तिन्ही वाचकांना आनंद आवडला. चौदाव्या प्रकरणात आनंद काय करतो ते पुन्हा वाचा. तिला न विचारता तिच्या बहिणीला दुसऱ्या गावी पाठवतो. "मी सांगेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही" असं फर्मान सोडतो. तिच्या ऑफिसात जाऊन तिच्या वरिष्ठांशी परस्पर बोलतो. हे सगळं तिच्या जिवासाठी, म्हणून आपल्याला गोड वाटतं. एस्तेर बहिणीच्या फोनमधले निरोप वाचते तेही बहिणीच्या काळजीनेच. तिला मात्र आपण नाक खुपसणारी म्हणतो. इंग्रजी पुस्तकांतही हेच बघत आलेय. रुबाबदार अंगरक्षक नायक हुकूम सोडत राहतो आणि वाचक विरघळतात. नायिकेने एकदा तोंड उघडलं की ती कजाग.

मी म्हणत नाही की आनंदला वाईट करा. एस्तेरला एकदा त्याला सांगू दे, की माझ्या वतीने ठरवायचा अधिकार तुला मी दिलेला नाही. तिच्या तोंडी ते शोभेल. आणि त्याला ते लागू दे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी दारूपायी घर घालवलं. त्यांनी हात उचलला होता का? चौथ्या प्रकरणात वडील बोलताना हात वर करतात आणि एस्तेर जाळीपासून मागे सरते, असं एक वाक्य आहे. ते तुम्ही जाणून लिहिलंय की नकळत, मला माहीत नाही. मारलं असेल तर विसाव्या प्रकरणात तिने रडत त्यांच्या गळ्यात पडणं मला सोसणार नाही. माझ्या घरातलंच सांगते. आईला एका उपासनेनंतर चारचौघांत क्षमा करायला लावली, आणि त्याच रात्री पुन्हा तेच झालं. क्षमा आणि जाळी उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात त्या वेगळ्या राहू द्या.

नगरची_लेक

सालोमीताई, ते वाक्य मी नकळत लिहिलं होतं. तुम्ही दाखवल्यावर हात थरथरला. हो, मारलं होतं. मी स्वतःलाही ते कबूल केलं नव्हतं, एस्तेरबद्दल म्हणतेय. आता तिचा जाळीतून बोलण्याचा प्रसंग मला दुसऱ्याच अर्थाने दिसतोय. प्रभुभोजनाचं कारण ती पुढे करते, कारण भीती वाटते हे तिला म्हणता येत नाही. वचन तिच्या तोंडी सदैव का असतं, तेही मला आत्ता कळलं.

फौजदारसाहेब, चौदावं प्रकरण काढून टाकलं. नोंदवही सकाळी हलणार, हे घेते. मनापासून आभार.

डेटनच्या ताई, थोरल्या मुलाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी ड्युटीवर निघायच्या आधी लूक पुन्हा वाचला. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. इतकी वर्षं वाचलं पण हे लक्षात आलं नव्हतं.

नेवाशाचे_गुरुजी

सलाम. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे उशिरा आलो तरी थोडं लांबण लावतो, राग मानू नये.

लेकी, तू म्हणतेस मराठीत असं काही नाही. सस्पेन्स नसेल. पण न आवडणाऱ्या माणसावर जीव जडवण्याचं काम आपल्याच घरात झालेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढ. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक आपल्याला देवळातल्या भजनांतून माहीत, थोर कवी, संतवृत्तीचे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक संतापी आहेत, लहरी आहेत, न सांगता घरातून निघून जातात, घरात असेल ते वाटून टाकतात आणि बायकोने संसार कसा करायचा याचा विचारही करत नाहीत. बाईंनी यातलं काही झाकलं नाही. आणि पुस्तक मिटताना त्या माणसाबद्दल आपल्या मनात माया असते. कशी? त्या तक्रार करत नाहीत आणि सारवासारवही करत नाहीत. काय घडलं ते सांगतात, त्यांना तेव्हा काय वाटलं ते सांगतात आणि पुढे जातात. न्याय करायला वाचकाला मोकळा सोडतात.

आणि स्वतःकडेही त्या तशाच बघतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांचं सोवळं, स्पर्शाचा विटाळ, वेगळं शिजवणं, सगळं त्यांनी लिहिलंय. आज वाचताना ते टोचतं. पण पाच वर्षं लागली. पाळकीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, सातव्या प्रकरणात मनपरिवर्तन होत नसतं. विसावंही लवकरच आहे.

याच्या उलट बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शिकवतो. त्या पुस्तकाचं ऋण मोठं आहे, विधवांचं दुःख त्या काळात असं कुणी मांडलं नव्हतं. पण वर्गात मुलांना विचारलं की काय लक्षात राहिलं, तर नायिका यमुना कुणीच सांगत नसे. तिला वाटेत भेटलेल्या विधवा सांगत. यमुनेच्या अंगी दोषच नाही, मग तिला धरायचं कुठे?

आता शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक दाखला, आणि थांबतो. तुझी एस्तेर थोरल्या मुलासारखी आहे असं डेटनच्या बाईंनी म्हटलंय, ते बरोबर आहे. मला ती योनासारखी जास्त वाटते. माशाच्या पोटातला योना सगळ्यांना ठाऊक आहे, चौथा अध्याय कुणी वाचत नाही. देवाच्या कोपातून निनवे शहर वाचलं म्हणून हा संदेष्टा रुसून शहराबाहेर बसतो. देवाला तोंडावर सांगतो, तू दयाळू आहेस हे मला माहीतच होतं, म्हणून तर मी पळालो होतो. वेल सुकला तर मरण मागतो. इतकं चिडकं पात्र शास्त्रात दुसरं सापडणं कठीण. आणि देव त्याला टाकत नाही, त्याच्याशी बोलत बसतो. एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का, असं विचारतो. योनाचं उत्तर नाहीच. पुस्तक तिथे संपतं.

भाषेबद्दल एक सुचवतो. इंग्रजी लेखिकांना शिवी वापरता येत नाही तर कडवटपणा दाखवायला त्यांना शब्द शोधावे लागतात. तुला तू आणि तुम्ही आहे. एस्तेर वडिलांना चौथ्या प्रकरणात "तुम्ही" म्हणते. पण बहिणीशी बोलताना त्यांचा उल्लेख "ते गृहस्थ" असा येतो, तो मला फार खोल लागला. लहानपणी ती त्यांना "पप्पा" आणि "तू" म्हणत असेल ना? मग तो "तू" पुस्तकात पुन्हा कधी येतो, कुणाच्या नकळत येतो, एवढंच सांभाळ. मनपरिवर्तनाची दहा पानं वाचतील.

नगरची_लेक

गुरुजी, तुमचा निरोप मी वॉर्डात, पहाटे चारच्या राउंडनंतर वाचला. आत्याच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' होतं. तिच्यामागे तिची पुस्तकं कुणी नेली ते मला माहीत नाही, पण शोधते.

पंधरा दिवस लागले, म्हणून उत्तर उशिरा देतेय. काय केलं ते सांगते.

पहिलं प्रकरण तसंच ठेवलं. एकशे चाळीस रुपये, सही, सगळं. फक्त जावक क्रमांकाची जागा वाढवली, दोन ओळींची साडेतीन पानं झाली. फीचं पोरगं नाही आणलं.

तिसरं प्रकरण नवीन लिहितेय. यादवकाका दुसऱ्या दिवशी कामाला येत नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. नोंदवहीची किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून एस्तेरला त्यांच्या घरी जावं लागतं. ती माफी मागायला गेलेली नाही, किल्लीसाठी गेलीय. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस नाही की क्रूस नाही, औषधाच्या रिकाम्या बाटल्या खिडकीत धुऊन ओळीने लावलेल्या. काका झोपलेत. काकू किल्ली आणून देतात, बसा म्हणतात. ती बसते. दहा मिनिटं दोघी समोरासमोर असतात आणि काकू तिला चहा विचारत नाहीत. पाणीही नाही. शेजारीण येते, तिला मात्र चहा होतो. एस्तेर उठते, जिन्यात येऊन थांबते, पर्स उघडते, बंद करते. कुठल्या रकान्यात ही नोंद करावी ते तिला कळत नाही. तिथे प्रकरण संपतं. तिचं मन बदललं असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

हे जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता ही बाई काय करते ते बघायचंय मला. आवडली नाहीये अजून."

सालोमीताई, विसाव्या प्रकरणातली गळाभेट काढली. वडील हॉस्पिटलात असतात, ती बिल भरते आणि कॉटपासून दोन पावलं दूर उभी राहते. जवळ जात नाही. सिस्टर सही मागते तेव्हा नात्याच्या रकान्यात ती "मुलगी" लिहिते. "तू" अजून आलेला नाही. तो कुठे येईल ते मला ठाऊक नाही, पण मुद्दाम आणणार नाही.

वाचनवेडी_डेटन

चहा न विचारणं. ताई, ते वाचून मला माझी सोलापूरची मावशी दिसली. तिसरं प्रकरण पूर्ण झालं की इथे टाका.

एकच शंका. या प्रकाराच्या वाचकाला शेवटी लग्न हवं असतं, निदान लग्नाचं वचन. एस्तेर आणि आनंदचं काय होतं?

नगरची_लेक

होतं त्यांचं लग्न. पण आनंद तिला विचारतो तेव्हा ती लगेच हो म्हणत नाही. आधी त्याला बहिणीची माफी मागायला लावते. न विचारता गावी पाठवलं त्याबद्दल. आणि तो विचारतो, तिच्या फोनचं काय? तेव्हा ती पहिल्यांदा गप्प होते. मग दोघं मिळून बहिणीकडे जातात.

शेवटचं प्रकरण अजून व्हायचंय. सोमवारपासून पुन्हा नाइट आहे, त्याआधी तिसरं पुरं करते.